खडा कानाला की कानात?

मी चष्मा बोलतोय. पण मला डोळ्यांवर चढवलंत तर काही म्हणजे काही दिसणार नाही! पुढून झाकण, आत काळोख आणि त्या काळोखात दोन छोटे कॅमेरे. माझ्यातून बघायचं नसतं. मीच माणसाचे डोळे बघतो आणि समोरच्या पडद्यावर डॉक्टरांना दाखवतो. शरीराचा तोल आतला कान सांभाळतो. तिथे काही बिघडलं की डोळे थरथरू लागतात, आणि ते माझ्या नजरेतून सुटत नाही.

कारखान्यात एका बाईंनी मला पहिल्यांदा घालून पाहिलं, तेव्हा पडद्यासमोरची त्यांची मैत्रीण ओरडली, "अगं, तुझा डोळा ताटाएवढा दिसतोय!" अशा हसण्याखिदळण्यात माझा जन्म झाला.

दवाखान्यात मात्र मी कपाटात धूळ खात पडलो. "चकरेला कशाला हवा एवढा जामानिमा?" म्हणत जुने डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे. मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी मला पुसलं आणि माझं नशीब उघडलं.

एका सकाळी रंगारी काका आले, काकूंचा हात घट्ट धरून. कूस बदलली की सगळं घर काकांभोवती गरगर फिरायचं. उंच भिंती रंगवण्यात काकांची हयात गेलेली, आणि काकूंनी शिडीच कुलपात घातली होती. शिडी गेली म्हणजे कामच गेलं. काकांचा चेहरा एवढासा झाला होता.

"शिडीवर चढणार नाही म्हणून कानाला खडा लावायला लावलाय मी यांना," काकू म्हणाल्या. "तरी चक्कर काही थांबत नाही."

डॉक्टरांनी मला काकांच्या डोळ्यांवर बसवलं, त्यांची मान एका बाजूला वळवली आणि त्यांना झटकन मागे झोपवलं. काकांनी घाबरून डोळे गच्च मिटले. झालं! आता मी बघू काय, कपाळ?

"अहो, उघडा की डोळे! मी आहे ना इथे," काकू म्हणाल्या.

डोळे उघडले. बुबुळं गोल फिरत थडथड उडत होती. मी लगेच चुगली केली.

"सापडलं!" डॉक्टर म्हणाल्या. "काका, तुमच्या कानातला खडा जागचा हललाय."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! अहो, खडा कानाला लावायला सांगितला होता, आत कशाला घातलात?"

डॉक्टर हसून हसून खुर्चीत बसल्या. "नाही हो काकू! हे बारीक खडे सगळ्यांच्याच कानात असतात. यांचे खडे वाट चुकून भलत्या नळीत शिरलेत. परत घरी पाठवू."

त्यांनी काकांची मान हळूहळू दुसरीकडे वळवली, त्यांना कुशीवर घेतलं, मग उठवून बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा तपासलं. डोळे अगदी शांत! मला इतका आनंद झाला, की टाळ्या वाजवायला हात हवे होते असं वाटलं.

काही दिवसांनी काका परत दाखवायला आले, तेव्हाही डोळे शांतच होते. "आता चढा शिडीवर," डॉक्टर म्हणाल्या. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

आज काका आमचीच खोली रंगवताहेत. खुंटीला टांगल्याटांगल्या माझ्या पट्ट्यावर पिवळा थेंब उडालाय, तो मला मिरवायचाय. तेव्हा मंडळी, घर गरगरू लागलं तर घाबरू नका, माझ्याकडे या. फक्त डोळे मिटू नका.

शिडीच्या टोकावर काका शीळ घालताहेत. खाली काकूंनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरलीय आणि त्या म्हणताहेत, "पुन्हा तुमची शिडी कुलपात घालणार नाही. कानाला खडा!"