डालग्याखालची पिल्लं

शेतवस्तीवर राखणीचं कुत्रं कसं तयार करतात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पिल्लू आणायचं, गोठ्यात डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली कोंडायचं, मालकाखेरीज कुणाचं तोंड त्याला दिसू द्यायचं नाही. अधूनमधून भाकरीला मिरचीचा ठेचा लावायचा. म्हणजे कुत्रं कडक निघतं म्हणे! आणि मग ते चोर सोडून सगळ्यांना चावतं.

देवळाली प्रवराजवळच्या एका वस्तीवरचे काकासाहेब या कामात पटाईत. त्यांच्या वाघ्याने गेल्या वर्षी शेजारच्या रेश्माच्या पोटरीचा लचका तोडला. तिसरीतली पोर दप्तर घेऊन शाळेला निघाली होती, एवढाच तिचा गुन्हा. इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण शाळेची वाट काकासाहेबांच्या अंगणावरूनच जाते. पुढे वाघ्या म्हातारा होऊन मेला, तेव्हा पोरगी जरा सावरली. तोच काकासाहेबांनी पुणतांब्याच्या मेहुण्याकडून दोन पिल्लं आणली. डालग्याखालची कुंईकुंई ऐकून रेश्मा अर्ध्या वाटेतून घरी पळाली, ती पुन्हा शाळेकडे फिरकेना. हताश झालेली आई तिला लांब मामाच्या गावी ठेवायचं म्हणू लागली.

शाळेतल्या यशोधराबाईंना हे कळलं, तशा त्या थेट वस्तीवर गेल्या. बाई भांडायलाच आल्या असं समजून काकासाहेबांनी आधीच सुनावलं, की कुत्रं राखणीला असतं, लाडाला नाही. उसात बिबट्या फिरतो, विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाते, अशात गरीब कुत्रं काय कामाचं? यातलं काही खोटं नव्हतं आणि बाईंनी ते नाकारलंही नाही. त्यांनी एवढंच विचारलं,

"काका, वाघ्या भुंकला की तुम्ही उठून बघत होता का?"

"रोजच भुंकायचं ते. किती बारी उठनार?"

"आणि केबल गेली तेव्हा?"

काकासाहेबांनी तंबाखूची पुडी काढली आणि तशीच परत खिशात ठेवली. "तवाबी भुंकतच हुतं," ते म्हणाले.

"त्याला सगळेच चोर वाटायचे, काका. डोळे उघडल्यावरचे दोन-तीन महिने पिल्लाला जे दिसतं, तेवढंच त्याचं जग होतं. तुम्ही त्याला डालग्याची आतली बाजू दाखवताय. मग बाहेर जो दिसेल त्याला ते घाबरणार, आणि घाबरलं की चावणार. ज्याला आपली माणसं ओळखता येतात, त्यालाच परका कोण ते कळतं."

जनावरांच्या दवाखान्यात तपासून, जंताचं औषध देऊन पिल्लं शाळेत आणा, असं त्यांनी सांगितलं. काकासाहेब हसले. पण बाई उठायचं नाव घेईनात, तेव्हा एकदाच आणीन म्हणून कबूल झाले. रेश्माच्या घरी जाऊन बाईंनी तिलाही शब्द दिला, की पिल्लाला हात लावायला तुला कुणीही सांगणार नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत काकासाहेब डालगं घेऊन आले, ते बाईंची फजिती बघायच्या तयारीनेच. बाईंनी पटांगणात मुलांना गोल बसवलं. पळायचं नाही, ओरडायचं नाही, पिल्लाला उचलायचं नाही की टक लावून बघायचं नाही. ते आपण होऊन आलं तरच हात पुढे करायचा. आईने आणून सोडलेली रेश्मा गोलाच्या बाहेर, सगळ्यांकडे पाठ करून बसली. बाईंनी तिला तसंच बसू दिलं.

काकासाहेबांनी डालगं उचललं. पिल्लं जमिनीला चिकटून थरथरू लागली. आणि काय सांगावं! मधल्या सुट्टीत शाळेचे पत्रे हादरवणारी ती पोरं श्वास रोखून बसली होती. तपकिरी पिल्लाने हळूच मान वर केली, एकाच्या चपलेचा वास घेतला, मग दुसऱ्याच्या गुडघ्याचा. त्याची शेपटी हलली तरी एकही पोर जागचं हललं नाही. एवढ्याशा जिवासाठी अख्खी शाळा गप्प झाली होती!

काळं पिल्लू मात्र मुलांमधून वाट काढत बाहेर गेलं आणि रेश्माच्या पाठीला टेकून बसलं. रेश्मा ताठ झाली. काकासाहेब पुढे धावणार तोच बाईंनी हात आडवा केला. बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला,

"बाई, त्येची छाती लई धडधडतीय."

"घाबरलंय ते."

"माझ्यावानी?"

"अगदी तुझ्यासारखं."

रेश्माने वळून पाहिलं नाही. तिने फक्त हात मागे नेला आणि उताणा जमिनीवर ठेवला. पिल्लाने त्यावर हनुवटी टेकली. मुलं डोळे विस्फारून बघत होती, आणि बाईंचेही डोळे भरून आले होते.

काकासाहेबांच्या हातातलं डालगं खाली आलं. जन्मभर कुत्री पाळलेल्या त्या माणसाने कुत्र्याची भीती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "एवढ्याशा पोटात एवढं भ्या असतंय," ते पुटपुटले, "आन् आमी त्येला मिरच्या चारीत हुतो."

त्या दिवसापासून पिल्लं मोकळ्या अंगणात वाढली. लशीचं वय होताच त्यांना लस टोचली, आणि दर शनिवारी काकासाहेब न सांगता त्यांना शाळेत नेऊ लागले. एका सकाळी रेश्मा एकटीच त्यांच्या अंगणापाशी आली आणि थबकली. काकासाहेबांनी तिला हाक मारली नाही, नुसते बाजूला झाले. पोर खाली बसली. दोन्ही पिल्लांनी येऊन तिच्या दप्तराचा वास घेतला आणि मग दोघं पुन्हा उन्हात जाऊन लोळली. रेश्मा उठली आणि चालत शाळेला गेली.

मंडळी, कुत्रं जन्मतः वैरी नसतं. अंधारात कोंडून आपण ते तसं करतो आणि मग त्याच्यावर दगड उचलतो. तुमच्याही वस्तीवर, गल्लीत पिल्लं असतील आणि शाळेला जाणारी लेकरंही असतील. मोठ्यांनी जवळ बसावं आणि दोघांची वेळेवर ओळख करून द्यावी. एकमेकांची भीती कळली की दोघांनाही घाबरायचं कारण उरत नाही.