बक्षीसपत्रातलं सहावं कलम

केरळातल्या इरिंजालकुड्याच्या रजिस्ट्रार कचेरीसमोर औसेफ चौतीस वर्षं दस्त लिहीत होता, आणि तेवढीच वर्षं माणसांवर संशय घेत होता. धंदाच तसा. बक्षीसपत्र लिहून घ्यायला आलेला पुतण्या जरा जास्त गोड बोलला की औसेफच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

वर्षभरापासून मात्र त्याचा सगळा संशय शायनीच्या लॅपटॉपवर होता. शायनी त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायची आणि सात वर्षं त्याच्याकडे दस्त टाइप करत होती. आता म्हणे मसुदा एआय लिहून देतं, आपण नुसता तपासायचा. त्या यंत्राला कुणाची जमीन आणि कुणाचं पोट काय कळतंय, असं औसेफ रोज कुरकुरायचा. शेवटी शायनीने त्याचे कपाटभर जुने दस्त एकेक करून लॅपटॉपमध्ये भरले, म्हणजे यंत्रही औसेफच्याच भाषेत लिहील. हे ऐकून स्वारी मनातून सुखावली होती, पण कबूल कोण करतो!

त्या दिवशी रोसिली चेडत्ती, म्हणजे रोसिलीताई, सहीसाठी आल्या. वय बाहत्तर, लग्न केलेलं नाही. राहतं घर पुतण्याच्या, जिजोच्या, नावावर करायचं होतं. अट एकच, मरेपर्यंत त्या घरात राहायचा हक्क त्यांचा. जिजो बाहेर गाडीतच बसून राहिला. औसेफला ते तिथेच खटकलं.

सहीआधी दस्त मोठ्याने वाचून दाखवायचा, ही औसेफची रीत. पाच कलमं सुरळीत गेली. सहाव्यावर तो थबकला. 'देणारीस सदर घरात घेणाऱ्याच्या संमतीने राहता येईल.'

संमतीने! म्हणजे उद्या जिजोने नुसतं नाही म्हटलं की म्हातारी रस्त्यावर. औसेफने कागद पालथा ठेवला आणि चेडत्तींना समोरच्या दुकानात चहा घ्यायला पाठवलं.

"जिजोने तुझे हात किती ओले केले?" त्याने शायनीला विचारलं.

शायनीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. तिने अट जशी सांगितली तशीच यंत्राला दिली होती. मसुदा काल औसेफपुढे ठेवलाही होता, पण त्याला मासळीबाजार गाठायचा होता आणि न वाचताच त्याने मान डोलावली होती. ते तिने तोंडावर ऐकवलं.

"मग हे वाक्य काय आभाळातून पडलं?"

"बघते, चेट्टा."

तिने ते वाक्य जुन्या दस्तांमध्ये शोधायला टाकलं. एकच दस्त सापडला. तो वाचून ती लॅपटॉप मिटायला लागली.

"राहू दे, चेट्टा. मी नवीन लिहिते."

आता तर औसेफची खात्रीच पटली, इथे पाणी मुरतंय. त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. देणारी कुंजन्ना, त्याची थोरली बहीण. घेणारा औसेफ. लिहिणाराही औसेफच. सहाव्या कलमात तेच वाक्य, शब्दाला शब्द.

तो दस्त त्याने वाचून दाखवला नव्हता. तो वाचायला लागला तेव्हा कुंजन्ना हसून म्हणाली होती, "तूच लिहिलंयस ना? मग वाचायचं कशाला?" पुढे तिचं आणि त्याच्या बायकोचं पटेना, आणि चौथ्या वर्षी ती नन्सच्या मठातल्या वृद्धाश्रमात गेली. आपणहून गेली, असं औसेफ सगळ्यांना सांगत आला. तिथेच ती वारली.

चेडत्ती चहा घेऊन परतल्या. खुर्चीत टेकत त्यांनी पेन मागितलं.

"सही कुठे करू तेवढं दाखव, औसेफ. तूच लिहिलंयस ना? मग वाचायचं कशाला?"

औसेफने पेन दिलं नाही. शायनी खाली बघत होती.

"थांबा, चेडत्ती," तो म्हणाला. "चुकलंय. माझ्याच हातून चुकलंय."

त्याने गाडीतून जिजोला आत बोलावून घेतलं, कोरा कागद पुढे ओढला आणि सहावं कलम 'संमती' गाळून स्वतःच्या हाताने लिहिलं. मग ते जिजोच्या देखत तीनदा मोठ्याने वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तो मध्येच अडखळला, तेव्हा उरलेलं शायनीने वाचलं.