पहिलंच निदान

बाबा मंगळवारी दुपारी गेले. हे वाक्य प्रसारित झालंच नाही, असं धरून पुढे चालू.

तर, सोमवार सकाळ. बाबा खुर्चीत बसून जबडा चोळतायत. मी एका हॉस्पिटल मालिकेचा लेखक. दर भागात एक पेशंट, एक गूढ आजार. आमच्या लेखकांच्या खोलीत भिंतीवर नियम चिकटवलाय: पहिलं निदान चुकीचं, दुसरंही चुकीचं, खरं तिसऱ्या जाहिरातीनंतर. आजार साधा निघाला तर चॅनल भाग परत पाठवतं. ॲसिडिटीवर लिहिलेला माझा एक भाग सध्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली आहे.

बाबांनी एकही भाग चुकवलेला नाही. शेवटी माझं नाव पळतं, तेव्हा ते उठून टीव्हीजवळ जातात.

जबडा, डावा खांदा, जिना चढताना दम. आई आम्हा दोघांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ईसीजी काढला, पट्टी उजेडात धरली.

"हार्टचं आहे. आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा, चिठ्ठी देतो."

बाबा माझ्याकडे बघून हसले. "पहिलंच? अजून जाहिरातसुद्धा लागली नाही."

मीही हसलो.

"दात काय काढताय दोघं?" आई म्हणाली. "डॉक्टर काय सांगतायत ते ऐका की!"

"अगं, हे पहिल्या पाच मिनिटांतले डॉक्टर," बाबा म्हणाले.

चिठ्ठी घेऊन घरी आलो. मी कामाची वही काढली, दुर्मिळ आजारांची. बाबा चष्मा लावून शेजारी बसले. इतका वेळ आम्ही दोघं एकत्र कधीच बसलो नव्हतो. लाळग्रंथीतला खडा? बरा वाटला. शिशाची विषबाधा? बाबांना नाट्यमय वाटली. पोपटांपासून होणारा ताप त्यांना फारच आवडला.

"पण आपल्याकडे पोपट नाही, बाबा."

"शेजाऱ्यांचा धरला तर?"

"अंगात ताप तरी कुठाय?"

"तो पुढच्या सीनला येईल."

आई दारात उभी होती. हातात हॉस्पिटलसाठी भरलेली पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. "तुझ्या बापाला कळत नाही, मान्य. तुला तरी कळतं का रे?"

"उद्या नेतो, आई. एक दुसरं मत घेऊ."

मंगळवारी सकाळी बाबांना दरदरून घाम फुटला. मी तो वहीत लिहून घेतला. नवं लक्षण. दुपारी ते पाणी मागून उठले, आणि

इथे आम्ही जाहिरात घेतो.

प्रति, कार्यक्रम विभाग. महोदय, मालिकेच्या सर्व भागांत पहिलंच निदान बरोबर ठरवून पेशंटला पहिल्या जाहिरातीपूर्वी ॲडमिट करण्यात यावं. प्रेक्षकसंख्या घटल्यास जबाबदारी माझी राहील. सदर बदल पूर्वलक्षी प्रभावाने, मागील सोमवार सकाळपासून लागू करावा, ही नम्र विनंती. सोबत मूळ चिठ्ठी जोडली आहे. पिशवी अजून भरलेलीच आहे.