गोलकीपरची सही

चष्म्याच्या दुकानात काचा तपासून तपासून तिची नजर इतकी तयार झाली होती की केसाएवढा ओरखडाही सुटायचा नाही. खेळाडूंच्या सह्या जमवायचा नाद लागून जेमतेम चार महिने झाले होते, पण खोटी सही आपण हां हां म्हणता पकडू, अशी तिची खात्री. सह्या जमवणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये तिला सगळे भिंगवालीच म्हणायचे.

शाळेत असताना तिने एका हॉकी गोलकीपरचा खेळ पाहिला होता. तेव्हापासून तो तिचा देव. तिने त्याला पत्र टाकलं आणि महिन्याभरात सही केलेला फोटो घरपोच आला. स्वारी खूश! पण तिने भिंग लावून पाहिलं. रेघ जागोजागी अडखळलेली, वळणावर शाईचे ठिपके, मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवलेलं. गिरवलेली सही अशीच असते, हे ती नुकतंच शिकली होती. ग्रुपमधल्या एकाकडे त्याच गोलकीपरची गेल्या वर्षीची सही होती. ती कशी झोकदार, एका दमात केलेली!

तिने दोन्ही सह्यांचं एक चित्र बनवलं, ग्रुपमधली डावीकडे, स्वतःकडची उजवीकडे, लाल गोल काढले आणि ग्रुपवर टाकलं, "डावी खरी, उजवी बनावट. त्यांच्या घरून चाहत्यांना गंडवलं जातंय."

"नवशिकी म्हणता म्हणता गुरू निघालात की!" कुणीतरी लिहिलं. भिंगवालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात असतानाच फोन आला.

"मी त्यांची बायको बोलतेय. तुमच्या पत्रावर नंबर होता. एकदा घरी या. भांडायला नाही बोलावत."

ती गेली तेव्हा गोलकीपर जेवणाच्या टेबलाशी बसला होता. फोटो सरकू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली होती. उजवं मनगट डाव्या हाताने धरून तो सही करत होता. पेन थांबायचं, उचललं जायचं, पुन्हा टेकायचं. त्याच जागी शाईचा ठिपका उमटला, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

बायकोने तिला स्वयंपाकघरात नेलं. "दीड वर्ष झालं. हात ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज लिहीत जा."

"मग ती दुसरी सही?"

"ती माझी. आधी हे पेनच धरेनात. पत्रांचा ढीग साचला, लोकांना नाही कसं म्हणायचं? तीस वर्षं बघतेय त्यांची सही, जमली."

भिंगवालीला कुठे बघावं कळेना. ती बाहेर आली.

"तुमचं ते वाचलं मी," गोलकीपर शांतपणे म्हणाला. "नातीने दाखवलं. बरोबर लिहिलंत. ही सही मलाही माझी वाटत नाही."

"नाही हो काका! चूक माझीच झाली."

तो पेनाचं टोपण लावायला धडपडत होता. बायको पुढे झाली, तसा त्याने तिचा हात झिडकारला.

निरोप देताना बायको दारात कुजबुजली, "यांच्या दुखण्याचं कुठे लिहू नका. माझंही. हात जोडते."

बसची वाट बघतानाच भिंगवालीने ते चित्र पुसलं आणि लिहिलं, "उजवी सही अस्सल आहे. मी चुकले. त्यांच्या घरच्यांची माफी मागते." लगेच प्रश्न सुरू झाले. मग रेघ का अडखळली? घरच्यांनी दम भरला का? ती काय सांगणार? तोवर कुणीतरी तिचं चित्र लाल गोलांसकट दुसऱ्या ग्रुपवर पाठवूनही दिलं होतं. खोटी सही कशी ओळखावी, त्याचा नमुना म्हणून.

महिन्याभराने पुन्हा फोन आला. "ते पेनाला शिवतसुद्धा नाहीत आता. तुम्ही समजावून बघता का?"

सुट्टीच्या दिवशी ती गेली. तो मोकळेपणाने बोलला. जुन्या सामन्यांच्या गोष्टींत तास कसा गेला कळलं नाही. धीर करून तिने नवी वही पुढे ठेवली. "काका, पहिल्या पानावर फक्त तुमची सही हवी. कशीही चालेल."

त्याने वही बायकोकडे सरकवली.

"हिच्याकडून घ्या," तो म्हणाला. "हिची छान येते."

बायको वही तशीच ठेवून उठली आणि आत गेली. भिंगवाली वहीकडे बघत बसून राहिली. तो खिडकीबाहेर बघू लागला.