स्तोइकाची न प्यायलेली दारू

मिठात आंबवलेल्या कोबीच्या पिंपातलं खारं पाणी सकाळी सकाळी उतारा म्हणून कोण पितं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. रात्री ज्याला राकिया, ती फळांची घरगुती दारू, चढली, तो. त्यामुळे स्तोइका तळघरात पळीने ते आंबट-खारट पाणी घटाघटा पिताना शेजारच्या पेनकाला दिसली आणि झालं! दुपारपर्यंत पावाच्या दुकानात बोभाटा.

सासू त्सोनाने घरातल्या सगळ्या बाटल्या कपाटात कोंबल्या, कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात क्रूसाशेजारी अडकवली.

नेवेनाचं डोकं तेव्हापासून तापलेलं. स्तोइकाची ही पोरगी सतरा वर्षांची, शाळा सोडून गाड्या धुवायच्या कामाला लागलेली. एका जागी टिकायची नाही, पण गाडीवरचा एक डाग नजरेतून सुटायचा नाही. आणि आता डाग आईवर दिसत होते.

बाहेर बर्फ, आणि आई सावळी होत चाललेली. "समुद्रावर जाऊन आलीस वाटतं!" पेनका चिडवायची. पण उन्हाने तळहाताच्या रेषा काळ्या होतात? हिरड्यांना ऊन लागतं? कपडे अंगावर लोंबत होते. खुर्चीतून उठली की आई भिंत धरायची. रविवारी तर चर्चमध्ये उभ्या उभ्या कोसळली, आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. आईला उचलायचं होतं म्हणून, नाहीतर नेवेनाने तिथेच त्या बाईच्या झिंज्या धरल्या असत्या.

घरी येऊन ती आजीसमोर उभी राहिली.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. झोपतानासुद्धा काढत नाही."

"मग आई पिते काय, चुलीतली राख?"

"बाहेरून आणत असेल लपवून. तुला काय कळतंय?"

"रोज तिचं तोंड हुंगतेस ना? एकदा तरी वास आला?"

आजी गळ्यातली किल्ली चाचपत राहिली.

पण आईच दवाखान्यात यायला तयार होईना. "डॉक्टरीणबाईपण तेच म्हणतील गं. परत ऐकायची ताकद नाही माझ्यात."

"तू बोलू नकोस. मी बोलते."

"तू बोलत नाहीस, भांडतेस."

"मग भांडते! चल, कोट घाल."

दवाखान्यात दार ढकलल्या ढकलल्या नेवेना सुरू झाली. "ही पीत नाही. ते आधी डोक्यातून काढा!"

डॉक्टर गानेवा चष्म्यावरून बघत राहिल्या. "मी अजून काही म्हटलंय का?"

"सगळेच म्हणतात."

"बरं. तू काय पाहिलंस ते सांग."

असं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिने धडाधडा सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, तळहात खिडकीपाशी नेऊन निरखले. रक्तदाब आधी झोपवून मोजला, मग उभं करून. उभं राहताच तो धाडकन उतरला, तशा त्यांच्या भुवया वर गेल्या.

"खारट खावंसं वाटतं का हो?"

स्तोइकाने मान खाली घातली. "पिंपातलं पाणी पिते, बाई. लाज वाटते, पण राहवत नाही."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला. "शहरातल्या इस्पितळात आजच जायचं. उद्या नाही."

तिथे रक्त तपासलं, सलाईन लागलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं: मूत्रपिंडांच्या वर दोन ग्रंथी असतात, त्यांचं काम जवळजवळ बंद पडलंय. त्यांची हार्मोन्स नसली की शरीरात मीठ टिकत नाही, म्हणून जीव मिठामागे धावतो. कातडी काळवंडते तीही त्यातूनच. आजाराचं नाव अ‍ॅडिसन. गोळ्या जन्मभर, एकही चुकवायची नाही. अजून उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं.

"आई!" नेवेना वॉर्डभर ओरडली. "ह्याला नाव आहे! नाव आहे गं ह्याला!"

"शूऽऽ!" नर्स धावत आली.

"शू काय? गल्लीला ऐकू जायला पाहिजे!"

स्तोइका हसता हसता रडायला लागली.

बर्फ सरून वसंत आला, आणि सेंट जॉर्जच्या सणाला चौकात ढोल वाजला. होरो नाचाची, हातात हात गुंफलेली साखळी धरायला बायका हात पुढे करत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे, रुमाल फिरवत, स्तोइका. दोन फेऱ्यांतच त्सोनाला धाप लागली.

"अगं हळू! आमचे पाय मोडशील!"

"दमलात तर सोडा हात, सासूबाई!"

त्सोनाने हात सोडला नाही. पेनकाकडे वळून ती धापा टाकत ठणकावून म्हणाली, "बघ, बघ! माझी सून! दारूचा थेंब नाही पोटात!"

नेवेनाने दोन बोटं तोंडात घालून कचकचीत शिट्टी मारली. स्तोइकाने रुमाल आणखी उंच धरला आणि ढोलाच्याही पुढे पाय टाकला.