पाचव्यांदा भरलेली पुंगळी

वाकवलेल्या तारेचं टोक काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून सरकत खाली गेलं आणि बुडापासून साधारण पाव इंचावर अडलं. अगदी किंचित. कापडाच्या शिवणीवरून नख फिरवताना लागावं, तेवढंच. लिओटाने पुंगळी बोटांत थोडी फिरवून तार पुन्हा ओढली. पुन्हा तिथेच.

म्हणजे आत खाच पडली होती. पितळ ताणून ताणून तिथे पातळ झालं होतं आणि बाहेरून काहीही दिसत नव्हतं.

तिचा नवरा ड्वेन दाढ काढायला गावात गेला होता. त्याच्या तळघरातल्या कामाच्या बाकाला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे, पण मागच्या नेमबाजी स्पर्धेतल्या दोघांच्या रिकाम्या पुंगळ्या तशाच पिशव्यांत पडल्या होत्या. धुऊन तरी ठेवाव्यात, म्हणून ती खाली आली होती. तार हातात घेतली ती निव्वळ सवयीने. बॉल-बेअरिंगच्या कारखान्यात मापं तपासण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. वस्तू हातात आली की तिला तपासावीशी वाटे.

तिच्या पिशवीतल्या पन्नास पुंगळ्यांपैकी अकरांमध्ये तार अडली. ड्वेनच्या पन्नासांपैकी एकीतही नाही.

ती स्टुलावर बसली. दोघांच्या रायफली एकाच जातीच्या होत्या. गोळी सुटली की आपसूक रिकामी पुंगळी ओढून फेकायची आणि पुढचं काडतूस आत घ्यायचं. या ओढाताणीत पितळाचे हाल होतात. म्हणून घरी काडतुसं भरणारे एक नियम पाळतात, आणि या घरात तो ड्वेननेच घातला होता: एक पुंगळी चार वेळा भरायची, मग भंगारात. दर भरणीला तो बुडावर रंगीत पेनाची रेघ ओढायचा. तांबडी, निळी, काळी, शेवटी हिरवी. हिरवी रेघ दिसली की पुंगळी कॉफीच्या जुन्या डब्यात. पाचव्यांदा भरलेली पुंगळी रायफलीत बुडाजवळ फाटू शकते, आणि तापलेला वायू जिथून बाहेर येतो तिथून नेम धरणाऱ्याचा गाल चार बोटांवर असतो.

लिओटाच्या पुंगळ्यांच्या बुडावर एकही रेघ नव्हती. स्वच्छ पुसलेली. तिने भिंग लावलं. ठशातल्या कोरीव अक्षरांच्या फटींत हिरवा रंग अडकून राहिला होता.

मग तिने कॉफीच्या डब्याकडे पाहिलं. भंगारवाल्याकडे तो शेवटचा कधी गेला होता? तिला आठवेना. तो कधी भरतच नसे आणि तिला कधी त्याचं नवल वाटलं नव्हतं.

शनिवारच्या स्पर्धेची काडतुसं फळीवर तयार होती. दोन पेट्या, दोन नावं. तिने दोन्हींतली पाच-पाच काढली, ठोकून गोळ्या वेगळ्या केल्या आणि आतली बारूद तराजूवर मोजली. ड्वेनच्या पाचही एका दशांश ग्रेनच्या आत; ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज. तिच्या पाचांत, कमाल आणि किमान यांत, जवळपास एक ग्रेनचा फरक. म्हणजे तो स्वतःची बारूद तोलून भरत होता आणि तिची नुसती मापाने ओतत होता. सहाशे यार्डांवर एवढ्या फरकाने गोळी निशाणाच्या काळ्या गोलातून वर किंवा खाली निघून जाते. नेम कितीही धरा.

नऊ वर्षांपूर्वी लिओटा स्वतःची काडतुसं स्वतः भरायची. त्या वर्षी क्लबच्या स्पर्धेत तिने ड्वेनला तीन गुणांनी मागे टाकलं. पहिले सहा ओहायोच्या संघात जातात. ती सहावी आली, तो सातवा. पुढच्या वसंतात तो म्हणाला, "दोघांनी कशाला तळघरात डोळे फोडायचे, ली? तुझीही मीच भरत जाईन. तू नुसता नेम धर." तिला तेव्हा भरून आलं होतं. बहिणीला, वेल्माला, तिने फोन करून सांगितलंही होतं.

त्यानंतर ती कधी संघात गेली नाही.

प्रत्येक गोळी सुटली की छिद्रावर खूण करायला खाली ओढलेलं निशाण वर येण्याआधीच ती कुठे लागली असेल हे नेमबाज वहीत लिहून ठेवतो. मग खरं छिद्र दिसलं की ताडून बघतो. लिओटाचे अंदाज पूर्वी क्वचित चुकत. त्या वर्षापासून चुकू लागले. हात सांगे मध्यभागी, आणि छिद्र दिसे वर, सात गुणांच्या वर्तुळात. तिने काडतुसांवर संशय घेतला नाही. स्वतःवर घेतला. कॉफी सोडली, दोनदा चष्मा बदलला, हिवाळाभर दिवाणखान्यात रिकाम्या रायफलीने चाप ओढण्याचा सराव केला. मापं घेण्यात जन्म घालवलेल्या बाईला आपल्या वहीपेक्षा 'तू चाप हिसकतेस' हे नवऱ्याचं बोलणं खरं वाटलं.

वेल्मा दोन वर्षं सांगत होती की मॅरिएटा गावच्या तिच्या घरातली वरची खोली रिकामी आहे, ये राहायला. मार्चमध्ये तर तिने चावीच पाठवली होती. लिओटा दर वेळी म्हणायची, बघते. चावी पाककृतींच्या डब्यात पडून होती.

ड्वेन आला तेव्हा त्याचा अर्धा जबडा बधिर होता.

"माझ्या बाकाला हात लावायला कुणी सांगितलं होतं?" ओठाच्या एकाच कोपऱ्यातून तो म्हणाला.

"माझ्या पन्नासातल्या अकरांना खाच आहे. तुझ्या एकीलाही नाही."

"आलं आमचं मायक्रोमीटर."

"डब्यातल्या काढून पुसल्यास तू."

तो खुर्चीत बसला. नाकारेल असं तिला वाटलं होतं. तिला तेच हवं होतं.

"पाचवी भरणी म्हणजे काही मरण नाही," तो म्हणाला. "मी सहा-सहा वेळा भरलेल्या बघितल्यात."

"मग स्वतःसाठी का नाही वापरल्यास?"

"मला संघात जायचं असतं, ली. तू काय, सोबत म्हणून येतेस."

"बारूदही तोलली नाहीस."

"तुझे गुण बघ ना गेल्या आठ वर्षांचे. त्या गुणांसाठी एकेक दाणा तोलत बसू?"

वाक्याचं शेपूट वाक्याच्याच तोंडात होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं.

"तू म्हणायचास मी चाप हिसकते."

"हिसकतेसच." त्याने रुमालाने लाळ पुसली. "एवढं वाटतंय तर भर की स्वतःची. शनिवारी बघू काय दिवे लावतेस ते."

तिने भरली. कपाटातली कोऱ्या पुंगळ्यांची पेटी त्याच्यादेखत फोडली. बारुदीचं प्रमाण शोधायला त्याची वही उघडली, तर ते पान तिच्याच अक्षरातलं निघालं. पंधरा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून हे प्रमाण बसवलं होतं. बारूद तिळातिळाने वाढवत, दर पायरीला पाच गोळ्या झाडत, प्रत्येक पुंगळीचं बूड भिंगाखाली तपासत. तो झाडायचा, ती मोजायची. एप्रिलचे तीन रविवार. तिने ते आकडे उतरवून घेतले. शुक्रवारभर ती एकेक भरणी तोलत होती. प्रत्येक काडतूस मापाच्या साच्यात टाकून पाहत होती, आणि बुडातली बार पेटवणारी टोपी कडेच्या वर आलेली नाही ना, हे बोटाच्या टोकाने चाचपत होती. रायफलीचा दट्ट्या जोराने पुढे येतो. वर आलेली टोपी त्याच्या धक्क्यानेच फुटू शकते.

शनिवारी रेंजवर वारा बेताचा होता. क्लबचा चिटणीस वेंडेल स्ट्राउप, अठ्ठ्याहत्तरीचा गडी, घडीच्या टेबलामागे सँडविच खात बसला होता.

"काय रे ड्वेन, गाल सुजलाय की बायकोने हाणलंय?"

"दाढ," ड्वेन म्हणाला. "बायको आज स्वतःची काडतुसं घेऊन आलीय. जपून राहा सगळे."

दोघे-तिघे हसले.

सहाशे यार्डांवर वीस गोळ्या. पहिल्या बारा तिला जमल्या. तेराव्यापासून नळीच्या टोकाची नेमाची माशी विस्कटू लागली. राखाडी, कडा नसलेली. मोतीबिंदू हिवाळ्यानंतर काढू, असं डॉक्टर म्हणाले होते. तिने वहीत घड्याळाच्या काट्यांतली दिशा आणि गुण लिहिले: चारच्या काट्याकडे, नऊ. निशाण वर आलं. चारच्या काट्याकडे, नऊ. पुढची: डावीकडे, आठ. डावीकडे, आठ.

ड्वेन एकशे त्र्याण्णव, चौथा. लिओटा एकशे चौऱ्याऐंशी, अकरावी.

"बघितलंस?" फळ्यासमोर सगळ्यांत उभा राहून तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, जरा मायाच होती. "दोष काडतुसांचा नव्हता, ली."

तिने वही उघडी धरली. वीस अंदाज, वीस छिद्रं. सगळी जुळत होती; म्हणजे हात पूर्वीही खरंच सांगत होता. आज चुकलेल्या गोळ्या खरोखर तिच्या होत्या, एकसष्ट वर्षांच्या डोळ्यांच्या. बावन्नाव्या वर्षी ही माशी काळी कुळकुळीत दिसायची. तेव्हाच्या वह्या घरी ओळीने लावलेल्या होत्या, आणि त्यांतला एकही आकडा आता कुणाला दुरुस्त करता येणार नव्हता.

"एवढं काय बघतेस त्यात?" ड्वेनने विचारलं. वहीकडे त्याने पाहिलं नाही.

वेंडेलने पुढच्या महिन्याचा तक्ता पुढे ओढला, पेन्सिल जिभेला लावली. "नेहमीसारखंच ना? तुम्ही दोघं हार्टझलर, शेजारी-शेजारी?"

"लिही की," ड्वेन म्हणाला. "मला सोबत लागते."

लिओटाने वही मिटली, पेनाला टोपण लावलं.

"नको, वेंडेल. ड्वेनचं एकट्याचं लिही. मी एक तारखेला मॅरिएटाला वेल्माकडे राहायला जातेय. परत यायचं नाही, असं ठरवलंय."