अकरा वेळा उसवलेला गणवेश

माझी थोरली बस चालवते. तिचा गणवेश मीच शिवते. डेपोच्या शिंप्याला धड गळा कापता येत नाही, हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

पाच वर्षांपूर्वी तिचं वजनाचं ऑपरेशन झालं. जठर लहान करून आतड्याला जोडलं. चाळीस किलो उतरली, साखरेच्या गोळ्या सुटल्या. तिचा गणवेशाचा जुना कोट मी मुद्दाम जाऊबाईंकडे नेऊन दाखवला होता. यात आता तुम्ही आणि मी दोघी मावू, म्हटलं.

पुढे गणवेश तंग व्हायला लागला. तिच्या आधी मला कळलं, इस्त्री करताना. कमरेची शिवण ताणून धागे दिसत होते. मी गुपचूप थोडं उसवलं, नवी टीप मारली, घडी करून ठेवलं. पोरीचा जीव कशाला खट्टू करा? आणि खरं सांगायचं तर जाऊबाईंना काय तोंड दाखवणार होते? दोन वर्षं हेच चाललं. थोरली काट्यावर चढायचीच नाही. "कपडे होतायत ना, मग झालं," म्हणायची. शेवटी शेवटी शिवणीत सोडायला कापडच उरलं नाही.

यंदा डेपोच्या तपासणीत साखर निघाली. वजन बावीस किलोंनी जास्त. साखर आटोक्यात आली नाही तर बस हातातून जाणार, असं साहेबांनी सांगितलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या धाकटीहून लहान. मला आजी म्हणाली, तिथेच मनातून उतरली. पण समजावलं नीट. जठर आतड्याला जोडलंय ते तोंड सैल झालंय, म्हणून खाल्लेलं भरभर खाली उतरतं आणि पुन्हा भूक लागते. घशातून नळी घालून आतूनच टाके घालायचे, ते आवळायचं. पोट कापायचं नाही. सगळं वजन जाईलच असं नाही, खाणं सांभाळावं लागेल, हेही तिने लपवलं नाही.

"वाढायला कधीपासून लागलं?"

"सहा महिन्यांतलंच असणार," थोरली म्हणाली. "तोवर गणवेश बरोबर होत होता. सहा महिन्यांत एवढं चढवणाऱ्या बाईला टाके घालून काय उपयोग, डॉक्टर? माझंच तोंड आवरत नाही. राहू द्या." आणि पर्स उचलून उठलीच.

"बस खाली," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. मी उसवत होते."

"काय उसवत होतीस?"

"तुझा गणवेश. अकरा वेळा."

डॉक्टरीण लिहायची थांबली. "म्हणजे महिन्याला किलोभरही नाही. ताई, हे एकदम अधाशीपणाने चढलेलं नाही. आणि आजी, तेव्हाच आला असतात तर कदाचित नुसत्या पथ्यावर आणि औषधावर भागलं असतं."

 

थोरली परत बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तारीख द्या."

जिन्यात मात्र थांबली. "काकूसाठी मला अंधारात ठेवलंस ना, आई?"

"हो," मी म्हटलं. पोरीचा जीव वगैरे काही बोलले नाही.

टाके घालून आता तीन महिने झाले. दर सोमवारी ती काट्यावर चढते आणि आकडा मला ऐकू जाईल असा मोठ्याने म्हणते. सहा किलो उतरलेत. कोट सैल झाला तेव्हा तिने तो डेपोच्या शिंप्याकडे टाकला. खांदे उतरवून ठेवलेत मेल्याने. मी बघितलं, पण सुई हातात घेतली नाही.